आधी ती पाहते, मग आपण

दिवाळीच्या आधीचा रविवार. शेजारच्या काकूंना नवा सोफा घ्यायचा होता आणि फोनवरच्या एका ॲपमध्ये सोफ्याच्या चित्राखाली 'तुमच्या घरात ठेवून पाहा' असं बटण होतं. काकूंनी ते दाबलं. फोनने कॅमेऱ्याची परवानगी मागितली, ती दिली. मग पडद्यावर हाताचं एक चित्र आलं आणि खाली सूचना: फोन सावकाश इकडून तिकडे फिरवा. काकूंनी फिरवला. पुन्हा तीच सूचना. पुन्हा फिरवला. "हा काय मला ओवाळायला सांगतोय की काय?" असं म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

त्यांच्या हॉलमध्ये पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल्स आहेत. सोफा उमटला खरा, पण जमिनीपासून वीतभर वर तरंगत, आणि हात जरा हलला की भिंतीकडे सरकत. मी म्हटलं, "काकू, खाली एखादी गोधडी अंथरा बरं." त्यांनी जुनी, रंगीबेरंगी ठिगळांची गोधडी आणून अंथरली. मी पुन्हा फोन फिरवला आणि सोफा मुकाट्याने खाली बसला. काकू बघतच राहिल्या. "गोधडी कशाला लागते रे त्याला?"

प्रश्न साधा, पण मोबाइलवरच्या नव्या जाहिरातीचं सगळं यंत्र त्याच्या उत्तरात येतं. दादरच्या पुलाजवळचं होर्डिंग आपल्याला पाहत नाही. आपण मान वर केली काय, न केली काय, ते आपल्या जागी उभं. काकूंच्या हॉलमधला सोफा मात्र त्यांची जमीन, भिंत आणि उजेड पाहिल्याशिवाय उमटूच शकत नाही. ही जाहिरात आपल्याला दिसायची तर आधी आपण तिला दिसावं लागतं. तिचं नाव ऑगमेंटेड रिॲलिटी, बोलताना नुसतं एआर: समोरच्या खऱ्या दृश्यात संगणकाने काढलेली वस्तू बेमालूम बसवणं. हे नाव 1990 च्या सुमारास बोइंग कंपनीतल्या टॉम कॉडेल यांनी दिलं. विमानातल्या तारांची जुळणी करणाऱ्या कामगारांना आकृती डोळ्यांसमोरच दिसावी, एवढीच तेव्हाची गरज होती. मोबाइलवरची जाहिरात या सोफ्यापर्यंत कशी आली, ते क्रमाने पाहू.

आंधळी चिठ्ठी

मोबाइलवर जाहिरात पहिल्यांदा आली ती चिठ्ठीच्या रूपाने. पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 रोजी ब्रिटनमध्ये गेला. नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या होत्या. एका एसएमएसमध्ये मजकुराला 140 बाइटची जागा असते. रोमन अक्षराला सात बिट लागतात, म्हणून त्यात 160 अक्षरं मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सोळा बिट घेतं, त्यामुळे तिथे मर्यादा 70 वर येते. त्यातही काना, वेलांटी, मात्रा सगळं वेगळं मोजलं जातं. 'दिवाळी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. फोनच्या हिशेबात तो सहा चिन्हांचा आहे. साडीच्या दुकानातला सेलचा निरोप भाषा मराठी असूनही रोमन लिपीत का येतो, याचं एक कारण इथे आहे. तोच निरोप देवनागरीत लिहिला तर दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतात.

असा निरोप आला की पाठवणाऱ्याच्या नावाकडे एकदा नीट पाहावं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, 2018 च्या नियमांनुसार धंद्यासाठी एसएमएस पाठवणाऱ्याला आपलं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. नावाआधीच्या दोन अक्षरांवरून निरोप कोणत्या कंपनीच्या जाळ्यातून आणि कोणत्या विभागातून निघाला ते कळतं. 2025 पासून नावाच्या शेवटीही एक अक्षर आलं आहे: पी असेल तर जाहिरात, एस असेल तर सेवेची सूचना, टी असेल तर व्यवहाराचा निरोप आणि जी असेल तर सरकारी. 'बँकेकडून' म्हणून आलेला निरोप साध्या दहा आकडी नंबरवरून आला असेल, तर तिथेच पाल चुकचुकली पाहिजे. नको असलेल्या जाहिराती बंद करायला 1909 हा नंबर आहे.

चिठ्ठीची ही जाहिरात आंधळी होती. पाठवणाऱ्याकडे नंबर असायचा, पण त्या नंबरामागचा माणूस सोफा शोधतोय की सासुरवाडीला निघालाय, याचा त्याला पत्ता नसायचा. हजार दारं ठोठवायची, दोन उघडली तर उघडली.

यावर आपल्या देशात निघालेली तोड अस्सल इथली होती: मिस्ड कॉल. 'पोचलास की मिस्ड कॉल दे' ही घराघरातली सवय. पैसे न खर्चता निरोप पोचवण्याची ही युक्ती जाहिरातदारांनी उचलली. बेंगळुरूच्या झिपडायल कंपनीने 2010 पासून त्यावर धंदाच उभा केला आणि 2015 मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. हिंदुस्तान युनिलिव्हरने 2013 मध्ये बिहार-झारखंडात 'कान खजूरा टेसन' सुरू केलं. विजेचा आणि टीव्हीचा भरवसा नसलेल्या त्या भागात लोकांनी एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, मग कंपनीकडून फोन येणार आणि पंधरा मिनिटं गाणी, विनोद, गप्पा आणि त्यांच्या अधूनमधून साबण-शाम्पूच्या जाहिराती ऐकायला मिळणार. आता गिऱ्हाईक स्वतः हात वर करून 'मी इथे आहे' असं सांगू लागलं होतं. पुढच्या सगळ्या प्रकारांचं मूळ या हात वर करण्यात आहे.

चौकोनाची ओळख

पुढची पायरी कॅमेऱ्याची. क्यूआर कोड आता भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीवरही लटकतो, पण त्याचा जन्म 1994 चा, जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीतला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन असतात. अशा चौकोनाच्या मधोमध कोणत्याही दिशेने रेघ ओढा, तिच्यावर काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं या पट्ट्यांची रुंदी 1, 1, 3, 1, 1 याच प्रमाणात येते. छापील कागदावर हे प्रमाण सहसा सापडत नाही, म्हणून ते मुद्दाम निवडलं. त्यामुळे फोन आडवा धरा, उलटा धरा, 'हाच तो कोड' हे क्षणात ओळखू येतं. चौथा कोपरा रिकामा असतो. त्यावरून वरची बाजू कोणती ते ठरतं. माहिती थोडी जादा करून भरलेली असते, म्हणून सर्वांत दणकट प्रकारात सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून ती पुन्हा जुळवता येते. हळदीचा डाग पडलेला कोड चालतो तो यामुळे.

जाहिरातीच्या जगात या कोडची ताकद 2011 मध्ये दक्षिण कोरियात दिसली. होमप्लस या दुकानांच्या साखळीने सोलच्या एका मेट्रो स्थानकात भिंतभर पोस्टर लावली. पोस्टरवर होती दुकानातली फडताळं: दूध, भाज्या, नूडल्स, प्रत्येक वस्तूखाली एक कोड. गाडीची वाट पाहता पाहता लोकांनी कोड टिपायचा आणि सामान घरी मागवायचं. भिंतीवरची जाहिरात आणि दुकान यांच्यातलं अंतरच मिटलं.

छापील पान जागं होतं

कोड म्हणजे फोनसाठी खास बनवलेली खूण. पण फोनला साधं चित्रच ओळखता आलं तर? हिरोकाझू काटो यांच्या 1999 च्या एआरटूलकिट या प्रणालीत जाड काळ्या चौकटीची खूण लागायची. चौकट दिसली की तिच्यावर त्रिमितीय आकृती उभी राहायची. डिसेंबर 2008 मध्ये जर्मनीतल्या मोटारींच्या मासिकांत मिनी या गाडीची जाहिरात आली. ते पान संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर धरलं की पडद्यावर पानावरच गाडी उभी दिसे आणि पान फिरवलं की गाडीही फिरे. एआरच्या अगदी सुरुवातीच्या जाहिरातींत तिची गणना होते. नंतर चौकटीचीही गरज उरली नाही. साधा फोटो, डब्यावरचं लेबल, वर्तमानपत्राचं पान, काहीही खूण म्हणून चालू लागलं.

हे कसं घडतं? फोन चित्राचे रंग बाजूला ठेवतो आणि फक्त उजेड-अंधार पाहतो. त्यात तो 'कोपरे' शोधतो, म्हणजे जिथे उजेड दोन्ही दिशांना एकदम बदलतो असे ठिपके: अक्षराचं टोक, डोळ्याची कड, खिडकीचा कोन. प्रत्येक ठिपक्याभोवतालचा तुकडा कसा दिसतो याची तो आकड्यांत नोंद करतो, जणू ठिपक्याच्या बोटांचे ठसेच. असे शेकडो ठसे आधी साठवलेल्या मूळ चित्राच्या ठशांशी ताडून पाहिले जातात. पुरेसे जुळले की चित्र ओळखलं.

मग प्रश्न येतो, पान किती तिरकं धरलं आहे? ताट समोरून गोल दिसतं, तिरकं केलं की लांबट. लांबट दिसणाऱ्या ताटावरून ते किती तिरकं असेल हे उलट काढता येतं. फोन पानाच्या चार कोपऱ्यांवरून तोच हिशेब करतो आणि त्याच कोनातून गाडीचं चित्र काढतो. सेकंदाला तीस वेळा. म्हणून हात हलला तरी गाडी पानावर चिकटून राहते.

ब्राझीलमध्ये 2019 साली बर्गर किंगने याच तंत्राने खोडी काढली. त्यांचं ॲप उघडून प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीवर फोन रोखला की पडद्यावर ती जाहिरात पेट घ्यायची आणि खाली फुकट बर्गरचं कूपन निघायचं. जाहिरातीच्या जागेचं भाडं प्रतिस्पर्ध्याने भरलेलं, फायदा मात्र यांचा.

गोधडीचं गुपित

काकूंच्या हॉलमध्ये तर खूण म्हणून काहीच नव्हतं. अनोळखी खोली, अनोळखी जमीन. इथे फोन दोन इंद्रियांनी काम करतो. एक डोळा, म्हणजे कॅमेरा. दुसरा कानातला तोल, म्हणजे फोनच्या आत बसवलेले दोन इवलेसे संवेदक: एक वेगातला बदल मोजतो, दुसरा वळण. ते सेकंदाला शेकडो वेळा सांगत असतात की फोन किती सरकला, किती वळला. पण त्यांच्या मोजण्यात बारीक चुका असतात आणि त्या साठत जातात. आंधळी कोशिंबीर खेळताना पहिली चार पावलं आपण बरोबर टाकतो, दहाव्या पावलाला भिंतीवर आपटतो, तसंच. म्हणून अधूनमधून डोळे उघडून चूक दुरुस्त करावी लागते. ते काम कॅमेऱ्याचं: खोलीतले तेच तेच ठिपके आता कुठे सरकले ते पाहायचं आणि आपली जागा नीट करून घ्यायची.

आता ओवाळण्याचं कारण कळेल. एकटा कॅमेरा म्हणजे एका डोळ्याचा माणूस. जवळची काडेपेटी आणि लांबचं कपाट त्याला सारख्याच आकाराचं दिसू शकतं. पण तो बाजूला सरकला की चित्र बदलतं. आगगाडीच्या खिडकीतून जवळचे खांब झपाट्याने पळतात आणि दूरचा डोंगर रेंगाळतो. कोणता ठिपका किती पळाला यावरून तो किती लांब आहे हे काढता येतं. हे गणित मात्र नुसत्या प्रमाणात सुटतं: हे त्याच्या दुप्पट लांब, ते तिप्पट. सेंटिमीटर हवे असतील तर फोन स्वतः किती सरकला ते कळायला हवं आणि ते सांगतो वेगातला बदल मोजणारा संवेदक. तुम्ही फोन फिरवलाच नाही तर खोली केवढी आहे हे फोनला कळायला मार्ग नाही. काकू ओवाळत होत्या तेव्हा त्या खरं तर खोलीचं माप देत होत्या.

मग पुष्कळसे ठिपके एकाच पातळीत सापडले की फोन ठरवतो: ही जमीन. कोऱ्या पांढऱ्या टाइलवर ठिपकेच नसतात. त्यात चकाकी असली की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं, आपण सरकलो की तेही सरकतं आणि फोन आणखी फसतो. पट्ट्यापट्ट्यांची सतरंजीही फारशी कामाची नाही, कारण सगळे पट्टे सारखे. कोणता ठिपका कोणता, याचा घोळ होतो. गोधडीचं प्रत्येक ठिगळ वेगळं, प्रत्येक धावदोरा वेगळा. फोनच्या दृष्टीने याहून चांगली जमीन नाही.

जमीन सापडल्यावर सोफा ठेवणं सोपं. हा सोफा म्हणजे हजारो छोट्या त्रिकोणांचं जाळं आणि त्यावर चढवलेला कापडाचा फोटो. खोलीतल्या उजेडाचा अंदाज घेऊन फोन त्यावर छाया टाकतो. सोफ्याखाली सावली नसेल तर माप बरोबर असूनही तो तरंगल्यासारखा वाटतो. मधे खरी खुर्ची असेल तर सोफा तिच्या मागे लपायला हवा, पण त्यासाठी प्रत्येक बिंदूची खोली कळावी लागते. काही महाग फोनांत त्यासाठी प्रकाशाने अंतर मोजणारा लायडार असतो. आयफोनमध्ये तो 2020 मध्ये आला. बाकीच्या फोनांत पुष्कळदा सोफा खुशाल खुर्चीच्या अंगावरून उमटतो.

ही सगळी करामत सामान्य फोनांत आली ती 2017 मध्ये. जूनमध्ये ॲपलने एआरकिट आणलं, ऑगस्टमध्ये गुगलने एआरकोर, आणि सप्टेंबरमध्ये आयकिया या स्वीडिश कंपनीने आपलं फर्निचर घरात ठेवून दाखवणारं ॲप काढलं. याच कंपनीचं नवी मुंबईतलं दुकान डिसेंबर 2020 मध्ये उघडलं.

दोन गोष्टी इथे मनात पक्क्या कराव्यात. पहिली, सोफ्याची लांबी-रुंदी कुणा माणसाने आकडे भरून दिलेली असते. ती चुकली तर पडद्यावरचा सोफा मोठ्या ऐटीत खोटं बोलतो. दुसरी, हे सारं गणित फोनच्या आतच होतं. सोफा दाखवण्यासाठी तुमच्या हॉलचं चित्र बाहेर कुठेही पाठवायची तांत्रिक गरज नसते. खोली 'पाहणं' कामाचा भाग आहे; पाहिलेलं 'ठेवणं' हा धंद्याचा निर्णय आहे.

आरशातली जाहिरात

चष्मा, कानातले, लिपस्टिक यांच्यासाठी फोन खोलीऐवजी चेहरा वाचतो. स्नॅपचॅटने 2015 मध्ये चेहऱ्यावर चढणारे मुखवटे आणले, तेव्हा तो पोरखेळ वाटला होता. आपल्याकडे कॅरेटलेनने त्याच सुमारास कानातले पडद्यावर घालून पाहायची सोय दिली, आणि लॉरेआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने 2018 मध्ये हेच तंत्र बनवणारी मोडिफेस विकत घेतली. गुगलच्या मीडियापाइप या प्रणालीत चेहऱ्यावर 468 बिंदूंचं जाळं बसवलं जातं: ओठांची कड, भुवयांची कमान, नाकाचा शेंडा. लिपस्टिक म्हणजे ओठांच्या बिंदूंमधली जागा रंगवणं. तुम्ही हसलात की बिंदू ताणतात आणि रंगही ताणतो.

चष्म्याला माप लागतं, आणि इथे निसर्गाने मदत केली आहे. डोळ्यातल्या बुबुळाचा रंगीत गोल जवळजवळ सगळ्या माणसांत सारखाच रुंद असतो, सुमारे 11.7 मिलिमीटर. पडद्यावर तो किती ठिपके व्यापतो ते मोजलं की चेहरा किती लांब आणि किती रुंद, दोन्ही निघतं. काही ठिकाणी कपाळाला बँकेचं कार्ड लावायला सांगतात, तेही मापासाठीच. असं कार्ड जगभर 85.6 मिलिमीटर रुंद असतं. कार्ड लावायचंच असेल तर नंबर नसलेली बाजू पुढे करावी किंवा लायब्ररीचं त्याच मापाचं कार्ड घ्यावं.

रस्त्यावरची पावलं

जुलै 2016 मध्ये पोकेमॉन गो हा खेळ आला आणि जगभर माणसं फोन पुढे धरून बागांतून फिरू लागली. खेळ फुकट होता, पण जपानमध्ये मॅकडोनाल्ड्सने आपली सुमारे तीन हजार उपाहारगृहं खेळातली ठाणी बनवून घेतली. भारतात डिसेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओशी करार झाला आणि रिलायन्सची दुकानं नकाशावर आली. इथे चित्र दाखवण्यापेक्षा माणूस दारापर्यंत चालवत आणणं हाच माल होता.

असल्या खेळाला उपग्रहावरून मिळणारा ठावठिकाणा पुरतो, पण त्यात काही मीटरची चूक असते आणि उंच इमारतींच्या गल्लीत ती वाढते. दुकानाच्या पाटीवर बाण नेमका बसवायचा तर तेवढ्याने भागत नाही. म्हणून गुगलने 2022 मध्ये वेगळी सोय दिली: कॅमेऱ्याला दिसणारा रस्ता स्ट्रीट व्ह्यूच्या साठवलेल्या चित्रांशी ताडायचा आणि त्यावरून जागा ठरवायची. मासिकाच्या पानाचीच युक्ती, फक्त पान म्हणजे आता अख्खं शहर. भारतात स्ट्रीट व्ह्यू त्याच वर्षी दहा शहरांत सुरू झालं. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं.

बटणाच्या पाठीमागे

सोफा पाहून झाला, ॲप बंद केलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी पाककृतींच्या ॲपमधलं एक पान उघडलं, तर मधोमध तोच सोफा. हे कसं?

त्या पानावर जाहिरातीची एक रिकामी चौकट असते. पान उघडताना ती चौकट लिलावात निघते. फोनचं मॉडेल, अंदाजे ठिकाण आणि फोनचा जाहिरात-क्रमांक एवढा तपशील बोली लावणाऱ्या कंपन्यांच्या संगणकांकडे जातो. 'हा क्रमांक काल सोफा पाहत होता' हे ज्याला ठाऊक असतं तो चढी बोली लावतो. हा सगळा बाजार सेकंदाच्या एक दशांशाच्या आसपास आटोपतो, म्हणजे पापणी लवायच्या आत. जाहिरात-क्रमांकात नाव-गाव नसतं, पण अनेक ॲपमधल्या नोंदी त्याच धाग्यात ओवता येतात. आयफोनवर एप्रिल 2021 पासून ॲपला असा माग काढण्याआधी विचारावं लागतं. अँड्रॉइडवर हा क्रमांक सेटिंग्जमध्ये जाऊन पुसता येतो.

होर्डिंगवाल्याला फार तर पुलावरून किती गाड्या गेल्या ते कळतं. एआर जाहिरात देणाऱ्याला मात्र काकूंनी कोणता सोफा किती मिनिटं पाहिला, किती वेळा रंग बदलला आणि कोणत्या रंगावर थबकल्या, हे सगळं नोंदवता येतं. मरून रंगावर काकू थबकल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी जाहिरातीत आला तो मरूनच.

कायद्याचं कुंपण

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं आहे. माहिती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगून संमती घ्यायची, संमती परत घेणंही तितकंच सोपं ठेवायचं, अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना वापरायची नाही आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायच्या नाहीत, हा त्याचा गाभा आहे. मोठ्या उल्लंघनाला दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. फसव्या मांडणीविरुद्ध नोव्हेंबर 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत अशा तेरा क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं आणि गिऱ्हाइकाच्या नकळत टोपलीत वस्तू टाकणं या त्यांतल्याच. सोफा पडद्यावर सहा फुटांचा आणि घरी सात फुटांचा निघाला, तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. त्यासाठी पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

कुणाला उपयोगी?

एखाद्या छोट्या दुकानदाराने यात पडावं का, असं मला अनेकदा विचारतात. माझं उत्तर असं: गिऱ्हाईक तुमच्या मालाबद्दल कोणता प्रश्न विचारतं ते आधी ऐका. 'बसेल का?' आणि 'शोभेल का?' हे प्रश्न असतील, म्हणजे माल फर्निचर, पडदे, भिंतीचा रंग, चष्मे, दागिने असा असेल, तर एआर खरंच कामाला येतं, कारण ते उत्तर देतं. 'चव कशी आहे?' आणि 'टिकेल का?' हे प्रश्न असतील तर उडत्या लाडवांचा खेळ दाखवून काही साधत नाही. तिथे दारावर एक क्यूआर कोड, त्यामागे स्वच्छ फोटो आणि खऱ्या किमती, एवढं पुरे.

काकूंच्या सोफ्याचं पुढे असं झालं. हॉलमध्ये तो छान बसत होता. पण काकूंनी कपाटातून टेप काढला आणि त्या जिन्यात गेल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सात फुटांची अखंड वस्तू वळत नाही, हे टेपने सांगितलं. फोनने सांगितलं नव्हतं, कारण आम्ही त्याला जिना दाखवलाच नव्हता. त्याला कळतं ते दाखवलं तेवढंच. शेवटी दोन तुकड्यांत येणारा सोफा त्यांनी जवळच्या दुकानातून घेतला, मरून रंगाचा.

तुम्हीही 'घरात ठेवून पाहा' हे बटण जरूर दाबा. खाली गोधडी अंथरा, फोन सावकाश फिरवा. कॅमेऱ्याची परवानगी मात्र 'ॲप वापरत असतानाच' एवढीच द्या, काम झालं की काढून घ्या, आणि पैसे भरण्याआधी जिना आणि दार टेपने मोजा.